जुनी गाडी आहे, गॅरेज नाही, इन्शुरन्स काढायचाय? या चुका टाळा

पुण्यात जुनी गाडी पाळणाऱ्याला कार्ब्युरेटरपेक्षा जास्त छळतं ते पार्किंग. पेठेतल्या बोळात भिंतीला चिकटून पद्मिनी, कोथरूडच्या सोसायटीत जिन्याखाली अर्धी आत अर्धी बाहेर अँबेसिडर, आणि एखाद्या नशीबवानाकडे आजोबांची डुक्कर फियाट, तीही गुलमोहराखाली कव्हर घालून. इन्शुरन्सचा विषय निघाला की सगळ्यांचं एकच रडगाणं, बंद गॅरेज नाही तर आपल्याला कोण पॉलिसी देणार.

हे डोक्यात येतं कुठून तर परदेशी व्हिडिओंतून. तिकडच्या क्लासिक कार पॉलिसीत कुलूपबंद गॅरेजची अट असते, वर्षाला ठराविक मैलच चालवायची असते, वगैरे. आपल्याकडे ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरचा, मूळ दर ज्या जुन्या टॅरिफवरून (ठरवून दिलेल्या दरपत्रकावरून) आलाय त्यात चारच गोष्टी बघतात: इंजिन किती सीसी, गाडी किती वर्षांची, आयडीव्ही म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत किती आणि रजिस्ट्रेशन कुठल्या झोनमधलं. पुणे झोन ए मध्ये, मुंबई-दिल्लीच्या पंगतीत. गॅरेजचा रकाना त्या तक्त्यात नाहीच. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या सक्तीच्या कव्हरचा, दर तर सरकारच ठरवतं, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये (२०२२ चा दर), गाडी महालात ठेवा नाहीतर फुटपाथला.

म्हणून पहिली आणि सगळ्यात फालतू चूक म्हणजे गॅरेज आहे असं खोटं लिहिणं. बऱ्याच प्रपोजल फॉर्ममध्ये रात्री गाडी कुठे असते हे विचारतात, बंद गॅरेज, आवारात उघड्यावर की रस्त्यावर. एजंट घाईत असतो, तो ठोकून देतो "बंद गॅरेज", आपण सही करतो. ओळखीत एकाचं असंच झालं, नारायण पेठेत गाडी रस्त्यावर, रात्री पोरांनी येऊन चार काचा फोडल्या, क्लेम टाकला. सर्व्हेअर आला, फोटो काढले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की गॅरेज कुठंय. हा काही बोलायच्या आत ओट्यावरच्या आजी म्हणाल्या, "कसलं गॅरेज, गेली वीस वर्षं इथंच उभी असते की ही, आम्हाला रांगोळी काढायला जागा नाही." क्लेम मिळाला शेवटी, पण सहा महिने पत्रापत्री आणि शिवाय आजींशी अबोला. जिथे खरं सांगून एक रुपया जास्त लागणार नव्हता तिथे खोटं बोलून कंपनीच्या हातात आयतं कोलीत दिलं. माहिती लपवली किंवा चुकीची दिली हे क्लेम नाकारायचं सगळ्यात सोपं कारण असतं.

सरळ लिहा, "सोसायटीच्या आवारात, उघड्यावर" किंवा "घरासमोर सार्वजनिक रस्त्यावर". जागेचे आणि गाडीचे फोटो काढून पॉलिसी घेतानाच शाखेला मेल करा, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर तारखेसकट पुरावा आहे.

याच्याच जोडीला अजून एक. गाडी सलग दोनेक महिने चालवणार नसाल तर पॉलिसी "लेड अप" करून प्रीमियमची थोडी सवलत घ्या असा सल्ला कोणीतरी देतंच. त्या एंडोर्समेंटचे, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीचे, शब्द वाचा आधी. त्यात गाडी गॅरेजमध्ये ठेवलेली आणि वापरात नसलेली असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमची तर बोळात उभी! त्या काळात आग, चोरी, दंगल, पूर वगैरे सोडून बाकी कव्हर थांबतं, म्हणजे उभ्या गाडीला टेम्पोने घासलं तर काय करणार. गॅरेज नसलेल्याने त्या वाटेला जाऊच नये असं माझं मत.

"गाडी हलतच नाही, मग इन्शुरन्स कशाला" हे म्हणणारे पण खूप आहेत. रस्त्यावर उभी गाडी ही सार्वजनिक जागेतलीच गाडी, आणि रस्त्याकडेला पडलेल्या टँकरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच उभ्या गाडीलासुद्धा "वापर" धरलंय. थर्ड पार्टी नसेल तर पहिला दंड २,००० चा, तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे ते वेगळंच.

आता खरा विषय, आयडीव्ही. इथे लोक जेवढे हरतात तेवढे कुठेच नाही.

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला घसाऱ्याचा ठरलेला तक्ता आहे. पाच वर्षांपुढची गाडी किंवा जिचं उत्पादनच बंद झालंय असं मॉडेल असेल तर आयडीव्ही कंपनी आणि तुम्ही बोलून ठरवायचा असतो. बोलून! पण बोलतं कोण, एजंट सांगतो "जुनी गाडी आहे साहेब, चाळीस हजार टाकतो, प्रीमियम कमी बसेल" आणि आपण खूश.

समजा ८५ सालची पद्मिनी आहे, पत्राकाम, रंग, क्रोम, सीटा सगळं धरून तीन लाख घातलेत आणि आयडीव्ही चाळीस हजार. जुलैमध्ये फांदी पडली, टप बसला, पुढची काच गेली, बॉनेटला घडी पडली. पॉलिसीच्या हिशोबाने धरलेला दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे इथे तीस हजार ओलांडले की संपलं. कंपनी म्हणणार हे घ्या चाळीस हजार, त्यातून क्लेममागे आपण सोसायचे सक्तीचे एक हजार वजा, आणि गाडी आम्हाला द्या, किंवा गाडी तुम्ही ठेवा पण भंगाराची किंमत कापून घेतो. एका फांदीने धडधाकट गाडी कागदावर मेली. आणि हे नियमाने झालेलं असतं, त्यात भांडायला पण जागा नसते.

उपाय आहे, फक्त आळस सोडायचा. लायसन्स असलेल्या सर्व्हेअर किंवा व्हॅल्युअरकडून व्हॅल्युएशन रिपोर्ट घ्या. रिस्टोरेशनची बिलं जोडा, नाना पेठेतून आणलेल्या पार्टची साधी पावती असेल तर तीही चालवून बघा. फोटोत इंजिन नंबर, चॅसी नंबर, आतला डॅशबोर्ड, डिकीचा तळ, सगळं दिसलं पाहिजे. हे सगळं रिन्यूअलच्या महिनाभर आधी शाखेत द्या कारण शेवटच्या दिवशी अंडररायटर (पॉलिसी मंजूर करणारा कंपनीचा माणूस) फक्त गेल्या वर्षीचा आकडा कमी करून पुढे ढकलतो. प्रीमियमची भीती वाटत असेल तर हिशोब करा, दहा वर्षांवरच्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला झोन ए मधला टॅरिफचा दर ३.५२९ टक्के, म्हणजे आयडीव्ही लाखाने वाढवला तर साडेतीन हजार, त्यावर कंपनीचं डिस्काउंट आणि तुमचा एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) वेगळा. उलट टोकाला जाऊन दोन लाखाच्या गाडीला आठ लाख लावू नका, तेवढी किंमत कोणी मान्य करणार नाही आणि छोट्या क्लेममध्ये जास्त आयडीव्हीचा काही उपयोग नसतो.

छोट्या क्लेममध्ये मार बसतो तो घसाऱ्याचा. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या पार्टवर ५० टक्के कापतात, रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यावरही ५०, काचेवर शून्य. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, एवढ्या जुन्या गाडीला कोणी देत नाही, त्याच्या मागे लागू नका. पण घसारा पार्टवर आणि रंगाच्या मटेरियलवर असतो, मजुरीवर नसतो, आणि जुन्या गाडीत बिलाचा मोठा भाग मजुरीच असतो, नवा पार्ट मिळतो कुठे, जुनाच पत्रा ठोकून सरळ करतात. त्यामुळे पत्रेवाल्याकडून "एकूण काम २८,०००" असं कागदाच्या चिठ्ठीवर आणू नका. डेंटिंग मजुरी वेगळी, रंगाची मजुरी वेगळी, मटेरियल वेगळं, पार्ट वेगळे, असं फोडून बिल घ्या.

विंटेजच्या नावाखाली पण खूप गोंधळ चालतो. गाडी जुनी झाली म्हणजे विंटेज झाली असं नाही. टॅरिफमधली विंटेज म्हणजे १९४० च्या शेवटपर्यंत बनलेली आणि विंटेज गाड्यांच्या क्लबने सर्टिफाय केलेली, तिला ओन डॅमेजवर २५ टक्के सूट. दुसरी व्याख्या २०२१ च्या मोटार वाहन नियमांची, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं पूर्ण आणि गाडी मूळ रूपात, मग गाडी विंटेज म्हणून रजिस्टर होते, नव्याने रजिस्टर होणारीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, आधीच रजिस्टर असलेलीला जुना नंबर ठेवता येतो, दहा वर्षांची मुदत. विंटेज म्हणून रजिस्टर झालेल्या गाडीला थर्ड पार्टीवर ५० टक्के सूट आहे. पण ती गाडी मग प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. रविवारी सकाळी कुटुंब घेऊन सिंहगडाला जायचं असेल तर साधं रजिस्ट्रेशनच बरं. तुमची ८४ ची मारुती ८०० यातल्या कशातच बसत नाही, कितीही लाडकी असली तरी.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात सांगतो पण थोडक्यात आहे म्हणून सोडून देऊ नका. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन दहा वर्षं झाली आणि नातू दरवर्षी त्यांच्याच नावाने पॉलिसी भरतोय, हे पुण्यात घरोघरी आहे. पॉलिसीधारक गेला की पॉलिसी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी होईल तेवढीच चालते, तोवर वारसाने आरसी आणि पॉलिसी दोन्ही नावावर करून घ्यायची. आरसीची १५ वर्षं संपून रिन्यू केली नसेल तर आणखी वाईट, रजिस्ट्रेशन संपलेल्या आणि चोरीला गेलेल्या गाडीचा क्लेम नाकारणं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये योग्य ठरवलंय. इंजिन बदललंय, गॅस किट बसवलंय, तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढलेलं हवं.

ऑनलाइन पोर्टलवर पद्मिनी सापडत नाही म्हणून जवळचं काहीतरी मॉडेल निवडून पैसे भरणारे महाभाग आहेत. असं करू नका. नंबरच दिसत नसेल तर आरटीओत जुन्या आरसी बुकची बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवणं) करून घ्या, आणि मग सरळ सरकारी कंपनीच्या शाखेत जाऊन ऑफलाइन पॉलिसी काढा. दोन चकरा होतील, होऊ देत.

उघड्यावरच्या गाडीचे शत्रू तीन, झाड, पाणी आणि माणूस. झाड पडलं तर गाडी हलवायच्या आधी फोटो, फांदी टपावर असतानाचेच. पाणी म्हणाल तर २०१९ ला आंबिल ओढ्याने आणि २०२४ ला एकता नगरीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पूर पॉलिसीत कव्हर आहे, पण पाणी ओसरल्यावर "बघू तरी चालू होते का" म्हणून स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ते नुकसान तुमच्या माथी, आणि इंजिनाचं जादा कव्हर, इंजिन प्रोटेक्ट, इतक्या जुन्या गाडीला मिळत नाही. बॅटरीची वायर काढा, टो करून न्या, बस.

माणसाचं म्हणजे चोरी. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते आणि जुन्या गाडीची दुसरी किल्ली ८९ सालीच हरवलेली असते. एकच किल्ली आहे हे आधीच मेलवर कळवून ठेवा. चोरी झाली तर त्याच दिवशी एफआयआर आणि कंपनीला मेल, नंतर पोलिसांकडून तपास लागला नाही म्हणून ए समरी हा अहवाल येईपर्यंत पाठपुरावा. स्टिअरिंग लॉक, लपवलेला बॅटरी कट-ऑफ हे करून ठेवा, गाडीची वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीची अटच आहे.

आणि एक पुणेरी धोका. धुळीने माखलेलं कव्हर, चपटे टायर अशी गाडी रस्त्यावर राहिली की महापालिका बेवारस म्हणून नोटीस चिकटवते आणि उचलून नेते, ते नुकसान कुठल्या क्लेममध्ये मागणार. दर आठवड्याला कव्हर झटका, गाडी चार फूट तरी पुढेमागे करा, काचेवर आतून फोन नंबर लावा. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि गाडी दोन वर्षांसाठी मुळशीच्या कुणाच्या तरी शेडमध्ये ठेवली तर तो बदललेला पत्ताही कंपनीला कळवा, याचा विसर हमखास पडतो.

लग्नाला, शूटिंगला भाड्याने दिलीत तर प्रायव्हेट पॉलिसी तिथे संपली. मित्राच्या मुलाच्या वरातीला फुकट दिली तर ठीक, पण "पेट्रोलचे म्हणून" पाच हजार गुगल पे वर घेऊ नका, तो पुरावा होतो. रॅलीत उतरणार असाल तर आधी एंडोर्समेंट विचारा.

पॉलिसी संपून ९० दिवस गेले तर ५० टक्क्यांपर्यंत साठवलेला एनसीबी शून्य होतो, आणि गॅप पडला की गाडीची तपासणी आलीच.

एवढं करूनही क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे, पुण्याचं ऑफिस नारायण पेठेत. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. जाताना ते पार्किंगचे फोटो आणि मेलच्या प्रिंट घेऊन जा.