जुनी आरएक्स, येझदी नायतर बुलेट घेताय? भाव ठरवायच्या आधी या चुका टाळा

नागपुरात जुन्या गाड्यांचं वेड सध्या जोरात आहे, संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर मारली की एखादी यामाहा आरएक्स १०० नायतर येझदी रोडकिंग दिसतेच आणि मग पोरांना वाटते आपल्याकडेही एक पायजेच. घ्या ना, जरूर घ्या, पण लोक काय करतात की टाकीची चमक पाहून पैसे मोजतात आणि खरी किंमत जिथे असते, म्हणजे कागद, नंबर नि इंजिनच्या आतलं काम, तिकडे पाहातच नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटते, कारण हौस खरी असते आणि पैसा घामाचा असतो.

ऑनलाइन टाकलेला भाव म्हणजे बाजारभाव नाही

आरएक्स १०० चे कोणी लाखाच्या वर मागते म्हणून ती तेवढ्याला विकल्या जाते असं नाही. तो मागितलेला भाव आहे. जाहिरात महिनोन्महिने तशीच दिसून राहिली म्हणजे तेवढे कोणी देत नाहीये. त्यापेक्षा जुन्या टू-स्ट्रोकचं (पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारं, आरएक्स-येझदीसारखं इंजिन) काम करणाऱ्या दोन-तीन मिस्त्रींना विचारा की याच मॉडेलची, पूर्ण तयार झालेली गाडी खरंच कितीला गेली. त्यातून तुमच्या समोरच्या गाडीवर लागणारा खर्च वजा करा, आणि वर अजून थोडे काढा, कारण जुनं इंजिन उघडलं की ठरलेल्यापेक्षा जास्त काम निघतेच.

आणि "भाऊ, व्हिंटेज आहे" म्हणून कोणी भाव चढवत असेल तर एवढं माहीत असू द्या, २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडीच व्हिंटेज. आरएक्स १०० आली १९८५ मध्ये, म्हणजे तिला अजून वेळ आहे. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, ती प्रदर्शन, रॅली अशा कामापुरतीच.

नंबर न पाहता गाडी चालवून पाहणं

आधी आरसी हातात घ्या, मग किक मारा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही आरसीशी एकेक अक्षर जुळवा. नंबरावर ग्रीस असेल तर चिंधीने पुसा, वर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उठतो. अक्षरं वरखाली, कमी-जास्त खोल, किंवा आजूबाजूचा धातू ग्राइंडर मारल्यासारखा गुळगुळीत दिसला तर गाडी कितीही आवडली तरी तिथूनच परत या. आरएक्स १०० च्या फ्रेममध्ये आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेलं खूप सापडते, पळायला मस्त लागते, पण आरसीवर चढवलेलं नसेल तर ट्रान्सफरला अडकते आणि ओरिजिनल म्हणून किंमतही राहात नाही.

नंबर प्लेटवरूनही कळते बरं का. एमएच-३१ वाली पद्धत १९८९ पासूनची, त्याआधी तीन अक्षरी सिरीज असायची. गाडी ८६ ची सांगतात आणि नंबर एमएच-३१, तर काहून ते विचारा, दुसरीकडून आणून नंतर नोंदवलेली असू शकते. १५ वर्षांनंतरचं रिन्युअल दर पाच वर्षांनी लागते, ते झालंय का, ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर) भरलाय का, बँकेचा बोजा उतरलाय का, हे एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपवर आणि आरटीओत तपासून घ्या. थकलेलं सगळं भावातून वजा.

तापलेलं इंजिन पाहून खुश होणं

ही सगळ्यात महागडी चूक. विकणाऱ्याला आधीच फोनवर सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर पहिले सिलेंडरला हात लावा. गरम लागला तर थांबा, थंड होऊ द्या. आपल्या इथे मे महिन्यात उन्हात उभी गाडी तशीही चटके देते, म्हणून सकाळी लवकर जा.

टू-स्ट्रोकमध्ये थंड इंजिन चालू करताना थोडा धूर येणारच, त्याला घाबरू नका. पण गाडी नीट तापल्यावरही दाट पांढरा धूर चालूच आणि गिअरबॉक्सचं तेल न गळता कमी होत असेल, तर क्लचकडच्या बाजूचं क्रँकचं (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्सचं तेल आत ओढून इंजिन जाळते. मग मॅग्नेटचं कव्हर उघडायला सांगा आणि मॅग्नेट धरून वर-खाली हलवून पाहा. तिथे खेळ जाणवला म्हणजे क्रँकचे बेअरिंग गेले, पूर्ण इंजिन उघडल्याशिवाय ते बदलत नाहीत. कव्हर उघडायला जो तयारच होत नाही त्याच्याकडे इंजिन खराब धरूनच भाव बोला.

बोअर, म्हणजे सिलेंडर आतून घासून मोठा करणं, कितव्यांदा झालाय हेही विचारा. पिस्टन स्टँडर्ड असेल तर उत्तम, नंतर ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिमी असे मोठे होत जातात, शेवटच्यावर असेल तर पुढच्या वेळी स्लीव्ह, म्हणजे सिलेंडरच्या आतली नळीच नवी बसवावी लागते. हेड उघडलं तर पिस्टनच्या डोक्यावर साइज कोरलेली दिसते.

चालवताना चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस द्या, सदर-सक्करदऱ्याचे उड्डाणपूल त्यासाठी चांगले. गिअर उडाला, म्हणजे आपोआप सुटला तर गिअरबॉक्सचं काम आलं. येझदी-जावाचं लायटिंग बरेचदा जुनं ६ व्होल्टचं, हेडलाइट मंद म्हणजे लगेच बिघाड समजू नका, पण चार्जिंग होतेय का ते पाहा.

नवा रंग म्हणजे रिस्टोअर नाही

छोटं चुंबक पातळ कापडात गुंडाळून टाकीवर फिरवा, जिथे सुटते तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. टॉर्च मारून टाकीच्या आत गंज पाहा. हँडल डावी-उजवीकडे हळू वळवा, मधेच अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेला, ते स्वस्त काम आहे, पण हेडस्टॉकखाली (फ्रेमचा हँडल बसतो तो भाग) ताजी वेल्डिंग दिसली तर गाडी ठोकलेली आहे. मुंबई-कोकणातून आलेली गाडी असेल तर फ्रेमचा खालचा भाग जास्त नीट पाहा, खाऱ्या हवेचा गंज आपल्या विदर्भातल्या गाड्यांना सहसा नसतो. ओरिजिनल मीटर, सायलेन्सर, टाकी, साइड पॅनल असेल आणि रंग उडालेला असेल तरी मी त्या गाडीला जास्त पैसे देईन, कारण रंग कधीही होतो, ते पार्ट शोधायला वर्ष जाते.

मालक कोण ते न पाहता टोकन देणं

जुन्या गाड्या बरेचदा आजोबांच्या नावावर असतात आणि ते आता नसतात. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ द्या, त्यासाठी फॉर्म ३१ आणि मृत्यू प्रमाणपत्र लागते. नंतर फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन तुमच्या नावावर. बाहेरच्या आरटीओची असेल तर एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्यानेच आणायचा. टोकन द्यायचंच असेल तर कमी द्या, आणि चिठ्ठीवर चेसिस नंबर टाकून लिहून घ्या की कागद निघाले नाहीत तर टोकन परत.