घड्याळ धावता धावता रेकॉर्डिंग सोडतं? या चुका टाळा

रविवारी सकाळचे नऊ वाजले की धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पडतोच: "पंधरा किलोमीटर धावलो, घड्याळात नऊच दिसताहेत. काय करू?" दोन मिनिटांत कुणीतरी जाणकार उत्तर ठोकून देतो: "रिसेट मार." हा सल्ला मानू नका. फॅक्टरी रिसेट केलं की फोनवर न पोचलेला सगळा डेटा पुसला जातो. म्हणजे जे नऊ किलोमीटर हाताशी होते, तेही गेले. शिवाय दोष बहुतेक वेळा एखाद्या सेटिंगचा किंवा हाताच्या सवयीचा असतो. घड्याळ कोरं करून सवय कोरी होत नाही.

आधी रेकॉर्ड वाचा

"रेकॉर्डिंग थांबलं" या एकाच तक्रारीत चार निराळ्या भानगडी असतात आणि त्या ओळखायला दोन मिनिटं पुरतात. ॲपमध्ये ती रन उघडा. नकाशा आणि हार्ट रेटचा आलेख शेजारी शेजारी बघा.

नकाशावर मधला तुकडा सरळ रेघ मारल्यासारखा आहे, पण हार्ट रेट कुठेही तुटलेला नाही? मग रेकॉर्डिंग चालूच होतं, फक्त जीपीएस सुटला होता. नकाशा आणि हार्ट रेट दोन्ही त्याच मिनिटांना गायब आहेत आणि पुढे दोन्ही परत आलेत? टायमर पॉज झाला होता. दोन्ही एका क्षणी संपले ते संपलेच? रन चुकून सेव्ह झाली, ॲप बंद पडलं किंवा बॅटरी गेली. आणि घड्याळात रन पूर्ण आहे पण फोनवर अर्धीच दिसते, तर दोष फक्त सिंकचा, म्हणजे घड्याळातून फोनवर डेटा जाण्याचा.

'इलॅप्स्ड टाइम' (सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा सगळा वेळ) आणि 'मूव्हिंग टाइम' (फक्त हलत असतानाचा वेळ) हे दोन आकडेही बघून घ्या. तुम्ही कुठे थांबला नव्हतात आणि तरी दोन्हींत पाच-सात मिनिटांचा फरक असेल, तर संशय सरळ पॉजवर जायला हवा. एवढं न बघता सेटिंग्जमध्ये बोटं घालणारे सहा गोष्टी एका वेळी बदलतात. मग पुढच्या रविवारी घड्याळ नीट चाललं, तरी कशामुळे चाललं ते त्यांना सांगता येत नाही.

ऑटो-पॉज चालू ठेवून डोंगर चढणं

निम्म्याहून जास्त डोकेदुखी इथे आहे. सिग्नलला थांबलात की टायमर थांबवायचा, निघालात की सुरू करायचा, एवढंच या सोयीचं काम. पण तुम्ही खरोखर थांबलात का, हे घड्याळाला दिसत नाही. ते जीपीएसचा वेग आणि हाताची हालचाल यावरून अंदाज बांधतं. शहरातल्या सपाट रस्त्यावर तो अंदाज बरा चालतो. चढावर त्याची फजिती होते.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन घ्या. यवतेश्वरचा घाट, पावसाळ्याचे दिवस, आणि पहिला निम्मा भाग चढाचा. तिथे नवख्याचा पेस किलोमीटरला नऊ-दहा मिनिटांवर येतो, मधे मधे चालणं होतं. वळणावर एका बाजूला डोंगराचा कडा, म्हणजे निम्मं आकाश झाकलेलं. उपग्रह कमी दिसले की जागा हेलकावे खाते आणि वेगाचा आकडा असल्यापेक्षा कमी निघतो. (ढगांना उगाच दोष देतात. ढगातून जीपीएसचा सिग्नल आरामात येतो. कडा आणि ओली गच्च झाडी मात्र त्याला अडवतात.) त्यात घड्याळाच्या हातात पाण्याची बाटली, किंवा तो हात कमरेवर. हात हलत नाही, वेग कमी, म्हणजे माणूस उभा आहे असं घड्याळ ठरवतं आणि टायमर थांबवतं. पुन्हा सुरू करायलाही ते काही सेकंद घेतं, कारण आता त्याला तुम्ही निघाल्याची खात्री हवी असते.

चढावर असे चौदा पॉज झाले आणि प्रत्येकात अर्धं मिनिट गेलं, तर सात मिनिटं झाली. पुढचा प्रकार ठरलेला. फिनिशला घड्याळ 2:31 दाखवतं, चिप टाइम (शर्यतीत धावकाला दिलेल्या चिपने मोजलेला वेळ) येतो 2:38, आणि धावक टायमिंगच्या टेबलापाशी जाऊन "तुमची चिप चुकली" म्हणून हुज्जत घालतो. चिप चुकलेली नसते. चिपला ऑटो-पॉज नसतो. अंतरही कमी भरतं, मग "रूटच छोटा होता" हा दुसरा वाद सुरू होतो. शेजारच्याच्या घड्याळात 21 किलोमीटर पूर्ण आहेत हे दाखवलं, तरी ऐकत नाहीत.

ॲपल वॉचवर हे सेटिंग घड्याळातच आहे: सेटिंग्ज, वर्कआउट, ऑटो-पॉज. गार्मिनमध्ये ते त्या त्या ॲक्टिव्हिटीच्या सेटिंगमध्ये असतं, आणि लोक फसतात ते इथेच. 'रन'मध्ये बंद केलं तरी 'ट्रेल रन'मध्ये ते चालूच असू शकतं. जे जे प्रकार वापरता, त्या प्रत्येकात जाऊन बघा. सॅमसंगमध्ये सॅमसंग हेल्थ उघडून त्या व्यायामाच्या सेटिंगमध्ये शोधा.

मी ते बंदच ठेवतो, सरावालाही. सिग्नलला अर्धं मिनिट गेलं तर जाऊ दे. त्या अर्ध्या मिनिटाने सरासरी पेस बिघडतो म्हणून ऑटो-पॉज लावणाऱ्यांना सराव करायचा असतो की स्क्रीनशॉट टाकायचा असतो, हे एकदा ठरवावं. हाताने पॉज करणारे तर आणखी पुढचे: पाणी प्यायला पॉज दाबतात, गप्पा मारत निघतात आणि तीन किलोमीटरवर आठवतं. थांबल्याची खूण हवीच असेल तर लॅप दाबा, म्हणजे टायमर न थांबता नवा टप्पा सुरू होतो. लॅप विसरला तर रेकॉर्ड जात नाही.

ओली स्क्रीन

टचस्क्रीनला बोट कळतं ते बोटातून वीज वाहू शकते म्हणून. घामाचं खारट पाणीही वीज वाहून नेतं. त्यामुळे जुलैच्या पावसात किंवा मुंबईच्या मे महिन्यात स्क्रीनवरून ओघळणारा थेंब कधी कधी बोटासारखा वागतो. तो स्क्रीन सरकवतो, पॉज दाबतो आणि नशीब फुटकं असेल तर 'एंड'वरही जातो. भिजलेल्या विंडचीटरची बाही घड्याळावर घासली तरी तेच. रेकॉर्ड एका क्षणी संपलंय, बॅटरी शिल्लक आहे आणि रन व्यवस्थित सेव्ह झालीय, असं दिसलं की ही शंका आधी घ्या.

उपाय सोपा: रन सुरू केली की लगेच टच बंद. ॲपल वॉचवर वॉटर लॉक लावा, संपल्यावर क्राउन (बाजूची गोल फिरणारी चावी) दाबून धरला की निघतो. गॅलेक्सी वॉचमध्येही वॉटर लॉक आहे, तो होम बटण दाबून धरल्यावर सुटतो. गार्मिनच्या टच असलेल्या बहुतेक मॉडेलांत व्यायामादरम्यान टच बंद ठेवता येतो आणि सगळं काम बटणांवर चालतं. धावण्यासाठीच घड्याळ घ्यायचं असेल तर बटणांचं घ्या, हे माझं जुनं मत आहे आणि ते प्रत्येक पावसाळ्यात पक्कं होतं.

पण लक्षात ठेवा, वॉटर लॉक स्क्रीनला कुलूप लावतो, बटणांना नाही. ॲपल वॉचवर क्राउन आणि बाजूचं बटण एकदम दाबलं की वर्कआउट पॉज होतो. मनगट मागे मुडपलं किंवा घट्ट रिस्टबँड घड्याळाला खेटून असला, तर दोन्ही दाबली जाऊ शकतात. असं वारंवार होत असेल तर फोनवरच्या वॉच ॲपमध्ये जनरल, मग वॉच ओरिएंटेशन इथे जाऊन क्राउनची बाजू बदला आणि घड्याळ उलटं फिरवून बांधा. दोन दिवस विचित्र वाटतं, नंतर सवय होते.

फोनच्या जिवावर चालणारी घड्याळं

दोन-चार हजारांच्या बहुतेक घड्याळांत स्वतःचा जीपीएस नसतो. खोक्यावर 'कनेक्टेड जीपीएस' किंवा 'असिस्टेड जीपीएस' असं लिहिलेलं असतं आणि लोक त्यातला शेवटचाच शब्द वाचतात. नकाशा फोन काढतो, घड्याळ फक्त दाखवतं. फोन घरी ठेवलात तर रस्ता रेकॉर्ड होणारच नाही आणि अंतर पावलांच्या अंदाजाने येईल. यात बिघाड काही नाही.

फोन कमरेच्या पट्ट्यात असूनही रेकॉर्ड अर्ध्यात तुटत असेल, तर अँड्रॉइडने बॅटरी वाचवण्यासाठी घड्याळाचं ॲप मागच्या मागे बंद केलेलं असतं. त्या ॲपच्या माहितीत जा. बॅटरीमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा, शाओमीच्या फोनवर तेच 'नो रिस्ट्रिक्शन्स' नावाने दिसतं आणि तिथे 'ऑटोस्टार्ट'ही चालू करावं लागतं. सॅमसंगच्या फोनवर ॲप 'नेव्हर स्लीपिंग ॲप्स'च्या यादीत टाका. लोकेशनची परवानगी 'अलाऊ ऑल द टाइम' हवी. 'ओन्ली व्हाइल युजिंग' दिलीत तर स्क्रीन बंद होऊन फोन पट्ट्यात गेला की नकाशा थांबू शकतो. त्याखालचं 'प्रिसाइज लोकेशन'ही चालू हवं. फोनचा बॅटरी सेव्हर बंद ठेवा, कारण काही फोनवर तो चालू असताना स्क्रीन विझली की लोकेशनच थांबतं.

दुखापतीमुळे किंवा पावसामुळे काही महिने धावणं बंद होतं आणि परत सुरू केल्यावर घड्याळ बिघडलेलं निघालं? अँड्रॉइड 11 पासून बरेच महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. त्या पुन्हा द्या, आणि तिथेच न वापरलेल्या ॲपबद्दलचा जो पर्याय दिसतो तो बंद करा.

एवढं सगळं नीट लावून, निघायच्या आधी 'फोन फास्ट होतो' म्हणून रिसेंट्समधली सगळी ॲप्स वर ढकलून साफ करणारे महाभाग आहेतच. त्या झाडूत घड्याळाचं ॲपही जातं.

स्टार्ट लाइनवरची घाई

जीपीएसला जागा पक्की करायला उपग्रहाची कक्षा कळावी लागते, आणि ही माहिती प्रत्येक उपग्रह दर 30 सेकंदांनी पुन्हा प्रसारित करतो. फोनशी नियमित सिंक होणारं घड्याळ ती आधीच उतरवून ठेवतं, म्हणून त्याला काही सेकंद पुरतात. आठवडाभर सिंक न केलेल्या घड्याळाला ती आकाशातून घ्यावी लागते. तेव्हा उघड्यावर मिनिटभर उभं राहा, जीपीएस तयार झाल्याची खूण दिसू द्या, मग निघा. इमारतीच्या पार्किंगमधून धावत बाहेर येत स्टार्ट दाबणाऱ्यांचा पहिला किलोमीटर गटारातून आणि शेजारच्या बंगल्यातून जातो.

उलटी चूकही होते. मुंबई मॅरेथॉनला सीएसएमटीच्या होल्डिंग एरियात लोक अर्धा तास आधी रनची स्क्रीन उघडून बसतात. गार्मिनच्या बऱ्याच मॉडेलांत 'पॉवर सेव्ह टाइमआउट' नॉर्मलवर असेल तर पाच मिनिटं काही न दाबल्यास घड्याळ परत साध्या वेळेवर जातं. बंदूक वाजते, धावक न बघता स्टार्ट दाबतो, त्याने फक्त ॲक्टिव्हिटीची यादी उघडते आणि टायमर सुरूच होत नाही. हे सेटिंग 'एक्स्टेंडेड'वर न्या, म्हणजे 25 मिनिटं मिळतात. आणि दाबल्यावर आकडे पळताहेत का, ते एकदा डोळ्यांनी बघा.

दोन ॲप्स एकदम

घड्याळातलं मूळ वर्कआउट ॲप चालू करायचं आणि 'बॅकअप म्हणून' घड्याळातच स्ट्राव्हा हे धावणं नोंदवणारं ॲपही चालू करायचं, ही हुशारी अंगाशी येते. ॲपल वॉचवर एका वेळी एकच वर्कआउट सेशन चालतं, दुसरं सुरू केलं की पहिलं संपतं. वेअर ओएसवर, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या घड्याळांतही तसंच. एकच ॲप वापरा, दुसऱ्याकडे नंतर सिंक होऊ द्या.

बाकीचं थोडक्यात

पट्टा मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर आणि धावताना एक भोक घट्ट. सैल घड्याळाला ते हातातून काढलंय असं वाटतं आणि काही मॉडेलं तिथेच लॉक होतात.

बॅटरी घरातून निघताना बघा, झोपताना नाही. घामाच्या मिठाने चार्जिंगच्या पिना काळ्या पडल्या की रात्रभर लावलेलं घड्याळ सकाळी तिथल्या तिथेच असतं. घड्याळ साध्या पाण्याने धुवा, मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळल्यावरच चार्जिंगला लावा.

पॉवर सेव्हर आपोआप चालू होत असेल तर तो काय काय बंद करतो ते आधी वाचून ठेवा.

शर्यतीच्या आदल्या रात्री अपडेट टाकू नका.

रन घड्याळात आहे पण फोनवर येत नाही, तर गार्मिन केबलने कॉम्प्युटरला जोडा, गार्मिन फोल्डरमधल्या ॲक्टिव्हिटी फोल्डरातली त्या दिवसाची फिट फाइल (.fit, यात रनचा सगळा डेटा असतो) घ्या आणि गार्मिन कनेक्टच्या वेबसाइटवर इम्पोर्ट करा. ती फाइल हातात येईपर्यंत घड्याळ अनपेअर करू नका.

दुरुस्ती तपासायला पुढच्या लाँग रनची वाट बघू नका. आठवड्यात तीन किलोमीटरची एक फेरी मारा, एकच सेटिंग बदलून. त्यात मुद्दाम मिनिटभर चाला, मिनिटभर उभे राहा, हातावर पाणी ओता, आणि घरी येऊन नकाशा-हार्ट रेट पुन्हा शेजारी शेजारी लावा. सगळं करूनही घड्याळ तीस-चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली आहे, सेटिंगने ती तरुण होणार नाही. सर्व्हिस सेंटरला जाताना रन मधेच तुटलेले दोन-तीन रेकॉर्ड आणि त्या वेळची बॅटरीची टक्केवारी दाखवा. "कधी कधी बंद पडतं" एवढंच सांगितलंत तर तेही रिसेट मारूनच परत देतील.