मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा अभ्यास: आधी सीमा आखा, मग सूत्र उचला

मेकॅनिकलच्या पहिल्या दोन वर्षांत गणितं चुकतात तेव्हा सूत्र बहुधा बरोबरच असतं, फक्त ते भलत्याच गोष्टीला लावलेलं असतं. यावर उपाय म्हणजे एक सवय. आकडेमोड सुरू करण्याआधी आपण नेमक्या कोणत्या वस्तूचा हिशोब करतोय ते ठरवायचं आणि तिच्याभोवती तुटक रेघ काढायची. स्टॅटिक्समध्ये ही रेघ काढली की फ्री बॉडी डायग्राम होतो, थर्मोडायनॅमिक्समध्ये तीच सिस्टिमची सीमा, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये कंट्रोल व्हॉल्यूम आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये काल्पनिक छेद. विषय चार असले तरी काम एकच आहे. हे ध्यानात आलं की पाठांतराचा बराच भार उतरतो.

रेघ काढताना

वस्तू आधारांपासून सोडवा आणि प्रत्येक आधाराच्या जागी तो जे बल देऊ शकतो तेवढंच दाखवा. रोलरला एक प्रतिक्रिया, पिनला दोन, पक्क्या बसवलेल्या टोकाला दोन बलं आणि एक मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम). दोरी फक्त ओढते, ढकलत नाही. वजन गुरुत्वमध्यावर घ्या. रेघेच्या आतली बलं काढू नका. क्रिया आणि प्रतिक्रिया दोन्ही एकाच वस्तूवर दाखवली तर ती एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर शून्याकडे जातं.

घर्षणात एक चूक हमखास होते. घर्षणबल म्हणजे घर्षणगुणांक गुणिले लंबप्रतिक्रिया, असं सरसकट लिहिलं जातं. ही त्या बलाची कमाल मर्यादा आहे. वस्तू घसरायच्या बेतात नसेल तर घर्षण समतोलाला लागेल तेवढंच असतं. आधी ते समतोलातून काढा, मग मर्यादेशी ताडून बघा.

यानंतर अज्ञात राशी मोजा. सपाट प्रश्नात एका वस्तूसाठी स्वतंत्र समीकरणं तीनच मिळतात. अज्ञात चार असतील तर आणखी एका बिंदूभोवती मोमेंट घेऊन काही हाती लागत नाही, कारण ते समीकरण आधीच्या तिघांतूनच आलेलं असतं. तिथे वस्तू किती वाकते किंवा ताणली जाते याचा विचार करावाच लागतो.

एकक प्रत्येक ओळीत लिहा

मशीनच्या भागांसाठी न्यूटन आणि मिलिमीटर ही जोडी धरली की ताण आपोआप मेगापास्कलमध्ये येतो. थर्मो आणि फ्लुइडमध्ये मात्र मीटर, किलोग्रॅम, सेकंद, पास्कल यांवरच राहा. दोन्ही पद्धती एकाच गणितात मिसळल्या की उत्तर हजारपटीने बिघडतं.

सरावाला एक शाफ्ट घेऊ. ५ किलोवॉटची मोटर १४४० फेरे प्रति मिनिट फिरते. ५००० ला सरळ १४४० ने भागलं तर टॉर्क (शाफ्टला पिळणारा मोमेंट) ३.५ न्यूटन मीटर येतो आणि तो चूक आहे. फेरे आधी रेडियन प्रति सेकंदात आणा: १४४० गुणिले २ पाय भागिले ६०, म्हणजे १५०.८. आता टॉर्क ३३.२ न्यूटन मीटर. अनुज्ञेय शिअर ताण ४० मेगापास्कल धरला तर व्यासाचा घन म्हणजे (१६ गुणिले टॉर्क) भागिले (पाय गुणिले ताण). त्यातून व्यास १६.२ मिमी मिळतो. शाफ्टवर की-वे (पुली घट्ट धरणारी की बसवायची खाच) कापायचा असेल तर अनुज्ञेय ताण पाव हिश्शाने कमी धरण्याची जुनी रीत आहे. ४० चे ३० केले की व्यास १७.८ मिमी होतो.

वर्गातलं गणित इथे संपतं, डिझाइन मात्र आता सुरू होतं. १७.८ मिमी बोअरचं (आतल्या व्यासाचं) बेअरिंग तयार मिळत नाही. ६२०३ क्रमांकाच्या बेअरिंगचं बोअर १७ मिमी, ते अपुरं. ६२०४ चं २० मिमी, बाहेरचा व्यास ४७ आणि रुंदी १४. म्हणून शाफ्ट २० चा. बेअरिंगच्या क्रमांकातले शेवटचे दोन अंक ०४ पासून पुढे ५ ने गुणले की बोअर मिळतं, हे लक्षात ठेवायला सोपं आणि तोंडी परीक्षेत उपयोगी. आणि हा हिशोब फक्त पिळाचा आहे. पुली किंवा गिअरमुळे शाफ्ट वाकतही असेल, तर तो मोमेंट धरल्याशिवाय २० हा आकडा पक्का समजू नका.

मजबुती वेगळी, ताठपणा वेगळा

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये या दोन गोष्टींची गल्लत सगळ्यात महाग पडते. २ मीटर लांबीचा बीम, दोन्ही टोकं साध्या आधारावर, मधोमध १००० न्यूटन. जास्तीत जास्त मोमेंट भार गुणिले लांबी भागिले ४, म्हणजे ५०० न्यूटन मीटर. स्टीलची पट्टी २० बाय ४० मिमीची. ४० ची बाजू उभी ठेवली तर सेक्शन मॉड्युलस (मोमेंटला याने भागलं की ताण मिळतो) ५३३३ घन मिमी, ताण सुमारे ९४ मेगापास्कल आणि मध्याचं झुकणं ७.८ मिमी. तीच पट्टी आडवी टाका: ताण १८७.५ मेगापास्कल, म्हणजे दुप्पट, आणि झुकणं ३१ मिमी, म्हणजे चौपट. माइल्ड स्टीलची यील्ड मर्यादा (ज्यापुढे ते कायमचं वाकतं तो ताण) साधारण २५० मेगापास्कल धरली तर दोन्ही पट्ट्या टिकतात, पण ३१ मिमी झुकणाऱ्या पट्टीवर कोणी मशीन बसवणार नाही. जास्त मजबूत स्टील घेऊनही झुकणं कमी होणार नाही, कारण सगळ्या स्टीलचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, जवळपास २०० गिगापास्कलच असतो. उंची वाढवावी लागते.

असं प्रत्येक गणित एक माप बदलून पुन्हा सोडवा. पुस्तकातली वीस गणितं एकेकदा सोडवण्यापेक्षा सहा गणितं अशी उलटसुलट केलेली जास्त शिकवतात.

थर्मो आणि फ्लुइड: ठरलेले सापळे

गुणोत्तर किंवा वायूचं समीकरण आलं की तापमान केल्विनमध्ये आणि दाब निरपेक्ष घ्या. ६०० आणि ३० अंश सेल्सिअसमध्ये चालणाऱ्या कार्नो इंजिनाची कार्यक्षमता सेल्सिअस टाकून काढली तर ९५ टक्के येते. केल्विनमध्ये ८७३ आणि ३०३ टाकले की ६५ टक्के. गेजवर ३ बार दिसत असेल तर हिशोबात साधारण ४ बार जातात.

स्टीम टेबल उघडण्याआधी अवस्था ओळखा. १० बार निरपेक्ष दाबाला पाणी सुमारे १८० अंशांना उकळतं. प्रश्नात १० बार आणि २५० अंश असतील तर वाफ सुपरहीटेड, तक्ता वेगळा. १५० अंश असतील तर ते अजून पाणीच आहे. नेमके १८० असतील तर दाब आणि तापमान मिळूनही अवस्था ठरत नाही, ड्रायनेस फ्रॅक्शनसारखी (मिश्रणात वाफेचा वाटा किती) आणखी एक माहिती लागते. ही तपासणी न करता तक्त्यात शिरणारे चुकीच्या पानावरून बरोबर वाचन करतात.

कार्याच्या चिन्हाबद्दल पुस्तकांत दोन प्रथा आहेत. काही ठिकाणी सिस्टिमने केलेलं कार्य धन, काही ठिकाणी सिस्टिमवर केलेलं. कुठलीही एक निवडा, उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

फ्लुइडमध्ये असाच घोळ फ्रिक्शन फॅक्टरचा (पाइपमधल्या घर्षणाचा गुणांक). डार्सीचा फॅक्टर फॅनिंगच्या चौपट असतो. ओळखायची खूण सोपी: लॅमिनार (शांत, थराथरांनी वाहणाऱ्या) प्रवाहाला सूत्र ६४ भागिले रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळीचा हे सांगणारा आकडा) दिलं असेल तर डार्सी, १६ असेल तर फॅनिंग. २५ मिमी व्यासाच्या गुळगुळीत पाइपमधून पाणी १ मीटर प्रति सेकंद वाहतंय, तर रेनॉल्ड्स नंबर सुमारे २५,०००, प्रवाह टर्ब्युलंट, डार्सी फॅक्टर अंदाजे ०.०२५ आणि १० मीटर लांबीत हेड लॉस साधारण अर्धा मीटर. आलेख एका पद्धतीचा आणि सूत्र दुसऱ्या पद्धतीचं वापरलं की हाच लॉस २ मीटर होतो आणि पंप उगाच मोठा निवडला जातो.

गणित विषयाचं काय करायचं

सगळं सारख्या जोमाने करायची गरज नाही. पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरची डिफरन्शियल समीकरणं आणि मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू मात्र पक्क्या करा. दुसऱ्या ऑर्डरचं समीकरण व्हायब्रेशन आणि कंट्रोलमध्ये परत भेटतं. प्रिन्सिपल स्ट्रेस म्हणजे स्ट्रेस मॅट्रिक्सच्याच आयगेन व्हॅल्यू.

ड्रॉइंग आणि वर्कशॉप

फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो, थर्ड अँगलमध्ये वर. शीटवरचं चिन्ह आधी बघा. एकच माप दोनदा देऊ नका, लपलेल्या रेषेवर माप टाकू नका आणि प्रत्येक छिद्राला सेंटर लाइन द्या. माप देताना एकच प्रश्न विचारा: हे माप कारागीर कशाने मोजणार? मोजता येत नसेल तर माप चुकीच्या जागी दिलंय.

टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) हा विषय वर्गात कंटाळवाणा वाटतो, लेथवर नाही. एच-७, जी-६ ही टॉलरन्सची ठरलेली चिन्हं. ५० मिमीच्या एच-७ छिद्राची मर्यादा शून्य ते अधिक २५ मायक्रॉन. जी-६ शाफ्टची उणे ९ ते उणे २५. म्हणजे दोघांमध्ये मोकळीक ९ ते ५० मायक्रॉन. ०.०२ मिमी लघुतम मापाच्या व्हर्नियरने हा शाफ्ट तपासता येत नाही, कारण त्याचा सगळा पट्टाच १६ मायक्रॉनचा आहे. ०.०१ मिमीचा साधा मायक्रोमीटरही इथे अपुरा पडतो, एक मायक्रॉनपर्यंत वाचणारा हवा. आधी शून्यदोष तपासा आणि रॅचेटनेच घट्ट करा. शिवाय लेथवरून नुकताच उतरलेला जॉब ४० अंशांनी जास्त गरम असेल तर ५० मिमीचं स्टील सुमारे २४ मायक्रॉन फुगलेलं असतं. गरम असताना बरोबर भरलेला शाफ्ट थंड झाल्यावर रिजेक्ट होतो. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, ते याचसाठी.

लेथचा वेग अंदाजाने ठेवू नका. माइल्ड स्टील आणि हाय स्पीड स्टीलचं टूल असेल तर कटिंग स्पीड ३० मीटर प्रति मिनिटच्या आसपास. ५० मिमीच्या जॉबला त्याचे १९१ फेरे होतात. मशीनवर त्याच्या लगतचा खालचा वेग निवडा. फेसिंग करताना मध्यभागी छोटा उंचवटा उरला तर टूलचं टोक सेंटरच्या उंचीवर नाही. चक की (जॉब धरणारा चक आवळायची किल्ली) हातातून सोडाल तेव्हा ती चकमध्ये नसलीच पाहिजे. फिरत्या मशीनवर हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत, मोकळे केस नकोत.

प्रयोगशाळा

आलेख प्रयोग चालू असतानाच काढत जा. घरी जाऊन काढलेल्या आलेखात एक बिंदू भलतीकडे गेला तर तो पुन्हा घेता येत नाही. व्हेंच्युरीमीटरचा डिस्चार्ज कोइफिशंट सहसा ०.९५ ते ०.९९ च्या आसपास येतो. १ च्या वर गेला तर मॅनोमीटरच्या नळीत हवेचे बुडबुडे अडकलेत का ते बघा. टेन्साइल टेस्टमध्ये स्टीलचा मॉड्युलस २०० गिगापास्कलऐवजी त्याच्या तुकड्याएवढाच आला तर बहुधा लांबी मशीनच्या क्रॉसहेडवरून (नमुना ओढणाऱ्या सरकत्या भागावरून) घेतलेली असते. त्यात पकडीचं सरकणं आणि मशीनच्या चौकटीचं ताणलं जाणंही मोजलं जातं. थेट नमुन्यावर लांबी मोजणारा एक्स्टेन्सोमीटर लावा. पुस्तकातल्या आकड्याशी जुळावं म्हणून रीडिंग बदलणं हा निव्वळ वेडेपणा. चूक कुठून आली हे लिहिलेला अहवाल जास्त मोलाचा असतो.

सॉफ्टवेअर

एफईए (फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस, भागाचे छोटे तुकडे करून ताण काढणारं सॉफ्टवेअर) चालवण्याआधी उत्तराचा हाती अंदाज कागदावर लिहा. वरच्या बीमचं मॉडेल केलं आणि झुकणं ७.८ च्या जवळपास आलं नाही, तर दोष भारात, आधारात किंवा एककात आहे. पहिली तपासणी म्हणजे प्रतिक्रियांची बेरीज. ती लावलेल्या भाराएवढी हवी. मिलिमीटर, न्यूटन, सेकंद पद्धतीत स्टीलची घनता टन प्रति घन मिमीमध्ये द्यावी लागते: ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात. इथे ७८५० टाकलं की नैसर्गिक वारंवारिता हास्यास्पद येते.

मग मेश (त्या तुकड्यांची जाळी) निम्म्या आकाराचा करून पुन्हा चालवा. ताण फारसा बदलला नाही तर ठीक. आतल्या बाजूच्या धारदार कोपऱ्यात मात्र मेश जितका बारीक कराल तितका ताण वाढतच जातो, कारण गणिताप्रमाणे तिथे तो अनंत आहे. तिथे खऱ्या भागात असेल ती त्रिज्या द्या. सरावासाठी रुंद पट्टीतलं छोटं गोल छिद्र उत्तम. काठावरचा ताण दूरच्या ताणाच्या तिप्पट आला पाहिजे.

आठवडा आणि परीक्षा

तासाला झालेली डेरिव्हेशन त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर करा. जिथे अडेल तिथे कोणतं गृहीतक आलं तेवढंच बघा. गृहीतक कळलं की सूत्र कुठे चालत नाही हेही कळतं. सोडवलेलं उदाहरण वाचून समजल्यासारखं वाटतं, त्यावर विश्वास ठेवू नका. झालेल्या चुका वहीच्या मागे चार रकान्यांत टाका: सीमा, एकक, चिन्ह, आकडेमोड. महिन्याभरात एक रकाना फुगलेला दिसेल, सराव त्याचाच करा.

परीक्षेत वेळ गुणांच्या प्रमाणात वाटा: तीन तास आणि १०० गुण असतील तर १० गुणांच्या प्रश्नाला १८ मिनिटं. दिलेल्या राशी, आकृती, गृहीतकं, सूत्र आणि मगच आकडे, याच क्रमाने लिहा. उत्तर अशक्य आलं आणि चूक शोधायला वेळ नसेल, तर ते का अशक्य आहे हे एका ओळीत नोंदवा आणि पुढच्या प्रश्नाला लागा.