विद्यापीठाच्या लायब्ररीतले जुने कागद आणि दुर्मिळ पुस्तकं कशी बघायची

सगळ्यात आधी, घरी बसून प्रश्न छोटा करा. काउंटरवर जाऊन "मराठ्यांच्या इतिहासावर काय आहे?" असं विचारलं तर समोरचा माणूस इच्छा असूनही मदत करू शकत नाही, पण "१८७६-७७ च्या दुष्काळात आमच्या तालुक्यात काय झालं" असं विचारलंत की त्याला लगेच चार कपाटं आठवतात. गाव, साल आणि विषय, या तिन्हीतल्या निदान दोन गोष्टी हातात पाहिजेत.

मग कुठे जायचं ते ठरवा. मुंबई विद्यापीठाची फोर्टमधली लायब्ररी राजाबाई टॉवरला लागूनच आहे (प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, नाव त्यांच्या आईचं, काम पूर्ण झालं १८७८ ला) आणि विद्यापीठाच्या संग्रहात संस्कृत, फारसी, अरबी हस्तलिखितंसुद्धा आहेत. पुण्यात डेक्कन कॉलेज, तिथे मराठा इतिहासाचं म्युझियम आहे, इतिहास संशोधक द. ब. पारसनिसांनी साताऱ्याला जमवलेला संग्रह १९३९ मध्ये तिथे आला. एक लक्षात ठेवा, संग्रह जागा बदलतात. डेक्कन कॉलेजात असलेली सरकारी हस्तलिखितं १९१८ मध्ये भांडारकर संस्थेकडे गेली, त्यामुळे जुन्या पुस्तकात "डेक्कन कॉलेज हस्तलिखित नंबर अमुक" असं दिसलं तर येरवड्याला डेक्कन कॉलेजात नाही, लॉ कॉलेज रोडला भांडारकर संस्थेत जायचं.

कॅटलॉग शोधताना आजची नावं चालत नाहीत, इथेच बरेच जण हात हलवत परत येतात. जळगाव जिल्हा शोधायचा असेल तर १९०६ पर्यंत अख्खा खानदेश एकच जिल्हा होता आणि त्यानंतर जळगावचा भाग पूर्व खानदेश झाला, रायगड म्हणजे कुलाबा, म्हणून आधी जुनी नावं कागदावर लिहून घ्या. छापील मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे, पहिला भाग १८०० ते १९३७ चा. माझ्या मते लायब्ररीत जायच्या आधी एक दिवस फक्त तिच्यासाठी ठेवा, कारण पुस्तकाचं नेमकं नाव, साल आणि छापखाना माहीत असला की अर्धं काम झालं. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये नाही दिसलं म्हणून सोडू नका, जुनी रजिस्टरं आणि कार्डं मागा.

जायच्या आधी ईमेल किंवा फोन करा. ओळखपत्र, शक्य असेल तर कॉलेजचं किंवा एखाद्या संस्थेचं पत्र, आणि काय बघायचंय त्याची यादी सोबत ठेवा. सोबत पेन्सिलच न्या, शाईचा डाग जन्मभर राहतो. हात धुऊन नीट कोरडे करायचे, बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती बाहेर ठेवूनच आत जा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा कागद बऱ्याचदा आम्लामुळे पापडासारखा झालेला असतो, पान कोपऱ्यातून ओढू नका, पुस्तक पूर्ण सपाट उघडू नका. फोटो काढायचे तर आधी परवानगी, फ्लॅश बंद.

आता तारखा, कारण जुन्या कागदात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण जानेवारी लागल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ७८ मिळवले तर १७६० येतं आणि लढाई तर १४ जानेवारी १७६१ ची. मराठेशाहीच्या पत्रात सुहूर सनही (ही आणखी एक कालगणना) असतो, तो मृग नक्षत्राला म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो आणि अरबी शब्दांत लिहितात: "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. इसवी सनासाठी जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढे ६००. दोन्ही कालगणना लावून बघितल्या की चूक लगेच पकडता येते.

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, येत नसेल तर घाबरू नका पण अंदाजाने वाचूही नका. मोडीत आधी आडवी रेघ ओढून त्याखाली अक्षरं लिहितात, शब्द तोडत नाहीत, र्‍हस्व-दीर्घाचा फरक करत नाहीत, त्यामुळे नाव चुकीचं वाचलं जाऊ शकतं. जाणकाराला दाखवून घ्या.

छापील पुस्तक हातात आलं की मजकुराआधी मलपृष्ठ, शिक्के, मागच्या जाहिराती बघा. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. जुन्या पुस्तकांत कधीकधी आश्रयदात्यांची, म्हणजे पुस्तकाला आधार देणाऱ्या वर्गणीदारांची, यादी असते, गावासकट, आणि तिच्यात एखाद्या लहान गावातला कुणी शिक्षक किंवा कारकून दिसला की त्या काळी ते पुस्तक कुठपर्यंत पोचलं होतं हे कळतं. ही पानं पीडीएफवाले बऱ्याचदा स्कॅनच करत नाहीत.

नोंद करताना संग्रहाचं नाव, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) किंवा पुस्तकाचा नंबर आणि पान, तिन्ही लगेच लिहा, प्रत्येक फोटोच्या आधी नंबरच्या चिठ्ठीचा एक फोटो काढा. आणि घरी आल्यावर त्याच रात्री सगळं नीट उतरवून ठेवा, आठवड्याने आपलंच पेन्सिलीतलं अक्षर लागत नाही.