गळका ड्रम आणि संवेगाचं गणित

अकरावीच्या एका सराव चाचणीत गणित होतं: घर्षण नसलेल्या रुळावर पाण्याची टाकी चालली आहे, तळाच्या छिद्रातून पाणी सरळ खाली गळतंय, वेगाचं काय होईल? मी बेधडक ‘वाढेल’ लिहिलं. संवेग म्हणजे वस्तुमान (एम) गुणिले वेग (व्ही). एमव्ही कायम, एम घटला, मग व्ही वाढणारच! चार गुण गेले, वर एक कापला.

आमचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून उन्हाळ्यात बैलगाडीवर २०० लिटरचा ड्रम. त्या मे महिन्यात तो बुडातून गळत होता. मी मागे पाय सोडून बसलो होतो. धार मागे रेंगाळत नव्हती, छिद्राच्या बरोबर खाली पडत होती. म्हणजे थेंब सुटतानाही गाडीच्याच वेगानं पुढे चालला होता! आपल्या वाट्याचा संवेग तो सोबत घेऊन जातो. उरलेल्या गाडीला जास्तीचं काही मिळत नाही. वेग तोच.

बाबा म्हणाले, “गाडी हलकी झाली, मंग बैलं जोरात जातीनच ना!” जातील, पण ती ओढ बैलांची. रुळावरच्या टाकीला बैल नाहीत.

म्हणून पोरांनो, सूत्राआधी एकच विचारा: बाहेर पडणारं पाणी गाडीच्या तुलनेत आडवं किती वेगानं जातंय? शून्य असेल तर धक्काही शून्य. छिद्र मागच्या भिंतीत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. छिद्रावर १.२५ मीटर पाणी, गुरुत्वत्वरण जी १० धरलं, तर टॉरिसेलीच्या नियमानं (वेगाचा वर्ग म्हणजे २ गुणिले जी गुणिले पाण्याची उंची) वेग सेकंदाला ५ मीटर. छिद्र ४ चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे सेकंदाला २ किलो पाणी. धक्का २ गुणिले ५, १० न्यूटन. जेमतेम एक किलोचं वजन. टँकरची ट्रॉली का हलत नाही ते कळलं? इथे बरेच जण दाब गुणिले क्षेत्रफळ करून ५ काढतात आणि फसतात.

मला खरं वेड लावलं ते तिसऱ्या प्रकारानं. टाकी थांबलेली, छिद्र तळालाच, पण मागच्या टोकाला. आतलं पाणी मागे सरकतं, म्हणून टाकी आधी पुढे निघते. गळणारं पाणी तो पुढचा संवेग घेऊन जातं. एकूण बेरीज शून्यच राहायला हवी, म्हणून शेवटी टाकी उलटी, मागे जाऊ लागते. मी हे तीनदा मांडलं, तेव्हा कुठे पटलं.