जुना ट्रक घेताय? केबिन उचलण्याआधी कागद उघडा

सेकंडहँड ट्रक बघायला कुणी एकटा जात नाही. सोबत मिस्त्री असतो, एखादा मुरलेला ड्रायव्हर असतो, पैसे लावणारा मेहुणा असतो. केबिन उचलतात, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतात, धूर मारतो का बघतात. पाट्यांना हात लावून होतो, टायर ओरिजिनल की रिमोल्ड यावर वाद होतो. तासाभराने चहा येतो आणि त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीतले कागद. पिशवी कुणी उघडत नाही. इंजिनाचं दुखणं मिस्त्री चार दिवसांत काढतो. कागदाचं दुखणं निघालं, की गाडी दारात उभी आणि हप्ता मात्र चालू.

हे मला एका दहाचाकीने शिकवलं. विकणारा म्हणाला कर्ज फिटलंय, आणि शेवटच्या हप्त्याची पावती पुढे केली. पावती खरीच होती. पण आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवायला फायनान्स कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ वर सही लागते, ती काही मिळेना. का, तर हा गृहस्थ भावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन होता, ते हप्ते थकले होते आणि दोन्ही कर्जं एकाच कंपनीची! मी दिलेले पैसे त्याने केव्हाच कुठेतरी भरले होते. अठरा दिवस गाडी हलली नाही. शेवटी ट्रॅक्टरचे तीन हप्ते मीच भरले आणि एनओसी सोडवून आणली. आता एनओसी हातात पडेपर्यंत इसारापलीकडे रुपया देत नाही, समोरचा कितीही ओळखीचा असो. कागदाच्या आणखी तीन चुका नेहमी होतात, त्या खाली.

सह्या केलेले टीटी (मालकी बदलाचे) फॉर्म खिशात ठेवून गाडी चालवणं

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्यायच्या, गाडी न्यायची आणि नाव नंतर चढवू म्हणायचं, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेणारा आळस करतो आणि विकणारा "आपले पैसे मिळाले ना" म्हणून गप्प बसतो. खरा धोका विकणाऱ्यालाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक. तेव्हा ट्रक विकलात तरी नाव बदललेली आरसी डोळ्यांनी बघेपर्यंत विकला असं समजू नका.

आरसी झाली म्हणजे सगळं झालं असं समजणं

कारचं तसं असेल कदाचित. ट्रकचं परमिट वेगळं ट्रान्सफर करावं लागतं, विमा वेगळा. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. पॉलिसीवर जुनं नाव असताना गाडी उलटली, तर क्लेम अडलाच म्हणून समजा. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवा.

परमिटची गंमत त्याहून मोठी. दुसऱ्या राज्यांत माल न्यायला लागणारं नॅशनल परमिट साध्या सहाचाकीला गाडीच्या वयाच्या १२ वर्षांपर्यंतच, मल्टी-अ‍ॅक्सलला (दोनापेक्षा जास्त अ‍ॅक्सलच्या गाडीला) १५ वर्षांपर्यंत. म्हणून अकरा वर्षांची सहाचाकी बाजारात एकदम स्वस्त दिसते. घेणारा खूश, आणि वर्षभराने तो गुजरातची ट्रिप घेऊ शकत नाही. फिटनेसचंही बघा: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. "आत्ताच पासिंग करून आणलीय" म्हणणाऱ्याला तारीख विचारा.

पासिंग, म्हणजे आरसीवरची भारमर्यादा, तोंडी ऐकणं

२०१८ मध्ये केंद्राने भारमर्यादा वाढवली, तीन अ‍ॅक्सलच्या दहाचाकीचं एकूण वजन (गाडी आणि माल मिळून) २५ वरून २८.५ टन झालं. तेव्हापासून विकणारा दहाचाकीचं वजन सरळ साडेअठ्ठावीसच सांगतो. पण त्या गाडीच्या आरसीवर काय लिहिलंय? तिथे २५,००० किलो असेल, तर तुमचं भाड्याचं गणित त्याच आकड्यावर करा. काट्यावर गाडी धरली तर ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. हमाली तुमची.

परराज्यातली गाडी घेताना तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला टॅक्स किती पडेल ते आधी विचारा. स्वस्त गाडी तिथेच महाग होते.

जायच्या आदल्या रात्री परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, टॅक्स आणि बोजा बघून घ्या. चलन (वाहतुकीचा दंड) वेगळं तपासा, कारण थकलेल्या चलनांची लांबलचक यादी असली तर ती भावात वजा करून मागता येते.

आणि जाताना खिशात पेन्सिल आणि पातळ कागद न्या. बहुतेक गाड्यांचा चेसिस नंबर उजव्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ फ्रेमवर कोरलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसा, कागद लावा आणि पेन्सिल आडवी घासा. नंबर उमटला की आरसीशी एकेक अक्षर जुळवा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल असेल, किंवा तेवढ्याच जागेवर ताजा रंग मारलेला दिसला, तर चहा घ्या, भाव विचारूच नका आणि घरी या.