नामांकनाच्या पत्रात तुमचं काम दिसतंय का?

जर्मन वैद्यकीय संशोधक पाउल एर्लिख यांच्या नावाच्या प्रतिष्ठानचा मोठा पुरस्कार वैद्यकीय संशोधनात सगळ्यांना ठाऊक असतो. पण जर्मनीत काम करणाऱ्या तरुण संशोधकांसाठी २००६ पासून वेगळा पुरस्कार आहे, हे आपल्याकडून तिकडे पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. रक्कम ६० हजार युरो, आणि ती संशोधनावरच खर्च करायची. समारंभ फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये, १४ मार्चला, म्हणजे एर्लिख यांच्या जन्मदिवशी.

याला आपण अर्ज करायचा नसतो, कुणीतरी नाव सुचवावं लागतं. अशा बहुतेक सन्मानांची हीच रीत, आणि मी अडकले ती इथेच. एका छोट्या पुरस्कारासाठी माझं नामांकन गेलं होतं. पत्र सुरेख होतं. प्रकल्प महत्त्वाचा, प्रयोगशाळा नावाजलेली, मी मेहनती आणि मनमिळाऊ. पण अख्ख्या पत्रात मी स्वतः काय शोधलं, याचं एकही वाक्य नव्हतं. निवड समितीला त्यातून आमचे प्राध्यापक किती थोर आहेत एवढंच कळलं असणार.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच चांगली माणसं मागे पडतात. पेपरवर, म्हणजे शोधनिबंधावर, दहा-बारा नावं असतात. तुमचं पहिलं असलं, तरी मूळ प्रश्न कुणाला सुचला, उंदरांवरचे प्रयोग कुणी केले, नकोसा निकाल आल्यावर पुन्हा तपासायचा हट्ट कुणी धरला, हे बाहेरच्याला दिसत नाही. पत्र लिहिणाऱ्यालाही ते आठवत नसतं. ते तुम्हीच लिहून द्यायचं: "ही चाचणी मी बसवली, हा निष्कर्ष माझा, ही मोजमापं सहकाऱ्याची." लाज वाटते, मलाही वाटायची. पण आपला वाटा सांगणं म्हणजे दुसऱ्याचा वाटा लाटणं नव्हे.

खुद्द एर्लिख यांच्या ६०६ क्रमांकाच्या औषधाचंच बघा. ते संयुग १९०७ च्या सुमारास आल्फ्रेड बर्थाइम यांनी तयार केलं, पण तेव्हा ते निरुपयोगी म्हणून बाजूला पडलं. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी जुनी संयुगं पुन्हा एकेक तपासली, तेव्हा ते सिफिलिसवर चालतं हे कळलं. १९१० मध्ये ते साल्व्हार्सान म्हणून बाजारात आलं. या कामावरच्या पुस्तकावर एर्लिख यांच्यासोबत हातांचंही नाव आहे. गुरू असावा तर असा.

म्हणूनच माझं ठाम मत आहे: तुम्हाला ओळखत नसलेल्या बड्या माणसाचं पत्र मिळवायच्या फंदात पडू नका. चार ठिकाणी तेच पत्र फिरवणं तर सरळ आत्मघात. तुमची प्रयोगवही ज्याने उघडून पाहिली आहे, तो कमी प्रसिद्ध असला तरी चालेल.

आणि घाबरू नका. भाषा अडखळते, ओळखी नाहीत, म्हणून कुणी नाव सुचवणार नाही असं नसतं. बरेच प्राध्यापक केवळ कुणी विचारलं नाही म्हणून गप्प असतात. मुदतीच्या दोन महिने आधी जा. सोबत एक पान न्या: वर तुमचा प्रश्न, खाली तुमचा वाटा, शेवटी दोनच पेपर. वयाची किंवा पीएचडीनंतरच्या वर्षांची अट त्या वर्षीच्या नियमांत स्वतः वाचा, प्राध्यापकांवर सोडू नका.